ओवी, गिटार आणि मिस्सा

कॅथलिक धर्मगुरूंनी गाणी रचून प्रचार करणं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५ची कॅथलिक चर्चची सुधारणा-परिषद) सुरू झालं, असं म्हटलं जातं; ते गिटारवरच्या गाण्यांपुरतं मान्य. प्रकार मात्र बराच जुना आहे. जेज्विट संघाचे इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं क्रिस्तपुराण (बायबलची कथा सांगणारं काव्य) १६१६ मध्ये सासष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. लिपी रोमन, पण रचना मराठी ओव्यांची. निवड अचूक होती. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरसंख्येची सक्ती नाही. त्यामुळे एकाच चालीवर हजारो ओव्या म्हणता येतात आणि वाचता न येणाऱ्यालाही ऐकून सगळं कळतं.

आजच्या फादर लोकांच्या अल्बमांची अडचण नेमकी इथेच होते. स्टुडिओतल्या गायकासाठी बांधलेली चाल मिस्सेत (चर्चमधल्या सामूहिक उपासनेत) लोकांना झेपत नाही: वरच्या पट्टीत ध्रुवपद, लांबलचक म्युझिक पीस (पुढची ओळ कधी उचलायची तेच कळत नाही), वर हरकती. ध्रुवपद एका सप्तकाच्या आत, दोन ओळींचं आणि आधी गायकवृंदाने एकदा म्हणून दाखवलेलं असावं. अवघड काय ते कडव्यांत घाला.

आणखी एक: मिस्सेत बायबलच्या पहिल्या वाचनानंतर लोक प्रतिसाद देत म्हणतात त्या प्रतिसाद-स्तोत्राच्या जागी भक्तिगीत चालत नाही, रोमन मिसलच्या (मिस्सेच्या अधिकृत ग्रंथाच्या) सूचनांत तसं स्पष्ट आहे. नवीन गाण्याला प्रवेश, अर्पण, कम्युनियन (प्रसाद घेणं) या वेळच्या जागा आहेत. तिथेही मजकुराला चर्चची मान्यता हवीच.