फिडबॅक आणि माइकची जोडी
स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून फिरत राहिला की शिट्टीसारखा आवाज येतो, तोच फिडबॅक. "शिट्टी वाजली की फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली घ्यायचा, एवढंच साउंड इंजिनिअरचं काम" असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. फेडर खाली घेतला की गायकाचा आवाजच जातो आणि मागे ड्रम-गिटार धडाडत असताना तो परत वर आणणं कठीण. खरं काम कार्यक्रमाच्या आधी, माइक आणि स्पीकर कुठे ठेवायचे इथपासून सुरू होतं.

१९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने स्पीकरची अख्खी भिंत बँडच्या मागेच उभी केली होती. म्हणजे सगळा आवाज थेट गायकांच्या माइकमध्ये! बँडचा साउंड इंजिनिअर औस्ली स्टॅन्ली आणि मंडळींनी त्यावर काढलेला तोडगा मला अजूनही थक्क करतो. प्रत्येक गायकाला दोन माइक, एकमेकांच्या उलट जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत जवळपास सारखाच शिरायचा आणि वजा व्हायचा. गायक एकाच माइकला ओठ टेकवून गायचा, त्यामुळे त्याचा आवाज तेवढा उरायचा. तोंड जरा लांब गेलं की तोही पातळ.

हेच तत्त्व उलट्या बाजूने रोज लागतं. स्नेअरला (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला) वरून आणि खालून माइक लावले की कातडं एका माइककडे येताना दुसऱ्यापासून लांब जातं, दोन्ही माइकचे आवाज एकमेकांतून वजा होतात आणि ठोका पोकळ ऐकू येतो. पुण्यात एका कॉलेजच्या कार्यक्रमात असाच पोकळ स्नेअर सुधारायला मी अर्धा तास इक्वलायझर (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारी बटणं) फिरवत बसलो होतो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने खालच्या माइकच्या चॅनलवरचं फेजचं बटण, म्हणजे माइकचा सिग्नल उलटा करणारं बटण, दाबलं आणि त्याच क्षणी स्नेअर भरदार झाला.