मदत हवी आहे: शाळेसमोर गतिरोधक, झेब्रा, पदपथ. निधी कुठून मागायचा?

आमची जिल्हा परिषदेची शाळा प्रमुख जिल्हा मार्गाला लागून आहे. डांबरी रुंदी साडेपाच मीटर, शाळेच्या अलीकडे वळण आणि उतार. ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगाचा थोडा अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी शिल्लक आहे. त्यातून गतिरोधक, झेब्रा, फलक आणि बसथांब्यापर्यंत शंभरेक मीटर पदपथ करता येईल का? की आमदार निधी मागावा? ग्रामसभेचा ठराव झाला आहे. जाणकारांनी क्रम सांगावा.

खडीवाला:
आधी रस्ता कुणाचा ते बघा. प्रजिमा, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे (साबां), इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. साबांच्या रस्त्यावर ग्रामपंचायतीने परस्पर पैसे टाकले की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि गतिरोधकावर दुचाकी घसरली तर जबाबदारीही गळ्यात पडते. ना-हरकत हवीच.

ठरावात 'शाळेसमोर' एवढंच असेल तर तो फाइलमध्ये पडून राहतो. रस्ता क्रमांक आणि साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहा, म्हणजे किमी १२/३०० ते १२/५०० अशी. जवळच्या किमी दगडापासून टेपने मोजता येते.

सगळं एका अंदाजपत्रकात कोंबू नका. फलक, पट्टे, वळणावरची झुडपं काढणं ही देखभाल-दुरुस्तीची कामं. साबांच्या उपअभियंत्याला वेगळं पत्र द्या. पदपथासाठी जिल्हा नियोजन समितीचा किंवा आमदार निधी. एकत्र मागितलंत तर पदपथाच्या मान्यतेपायी पट्टेही अडकतात.

सांबरशिंग:
आमदार निधीचं शिफारसपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. मग काम करणाऱ्या यंत्रणेकडून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. हेच काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला आणि जागेचा उतारा सुरुवातीलाच जोडा. पदपथाची पट्टी कुणाच्या खासगी गटात निघाली तर सगळं तिथेच थांबतं. जिल्हा नियोजनाचा पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण डिसेंबर-जानेवारीत आकार घेतो. फेब्रुवारीत दिलेला अर्ज वर्षभर मागे जातो.

प्रश्नकर्ता:
हे ठिकाण 'ब्लॅक स्पॉट' जाहीर करून घेतलं तर निधी लवकर मिळेल का? तीन वर्षांत दोन गंभीर अपघात आहेत.

सांबरशिंग:
त्या वाटेला जाऊ नका. केंद्राची व्याख्या राष्ट्रीय महामार्गासाठी आहे: सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. तुमचा अर्ज 'निकषात बसत नाही' म्हणून परत येईल. त्याऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे संयुक्त पाहणी मागा: साबां, परिवहन, वाहतूक पोलीस, शाळा. त्या पाहणीचा अहवाल पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतो. पोलीस ठाण्यातून अपघातांची तारीख, गुन्हा नोंद क्रमांक आणि ठिकाण घ्या. नोंद झाली नाही तो अपघात कागदावर झालेलाच नाही.

खडीवाला:
गतिरोधक मंजूर झालाच तर मापं बघा, इथेच घोळ होतो. आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं मानक) प्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंमी उंच, वक्राची त्रिज्या १७ मीटर. गाडी ताशी २५ किमीने जावी म्हणून. मध्यापासून एक मीटरवर उंची ७ सेंमी आणि दीड मीटरवर साडेतीन सेंमीच्या आसपास यायला हवी. तेवढ्या मापाचा प्लायचा साचा कापून डांबर गरम असतानाच लावून बघा; थंड झाल्यावर ठेकेदार ऐकत नाही. उरलेल्या मालाचा मीटरभर रुंद, १५ सेंमीचा उंचवटा टाकतात, त्यावर दुचाकी उडते आणि लोक कडेच्या मातीतून गाडी काढतात, म्हणजे नेमकी मुलं चालतात तिथून.

चढाच्या बाजूला पाणी तुंबू नये म्हणून कडेला गटाराकडे वाट ठेवा. सूचना फलक ४० मीटर आधी. तुमच्याकडे वळण आहे, तेव्हा फलक वळणापूर्वीच दिसला पाहिजे.

झेब्रा थर्मोप्लास्टिकचाच (गरम करून ओततात तो जाड रंग) मागा, जाडी २.५ मिमी, वर रात्री चमकणारे काचमणी. साध्या रंगाचे पट्टे एका पावसाळ्यात जातात. अर्धा मीटर रुंद, तीन मीटर लांब असे साडेपाच मीटरमध्ये ५-६ पट्टे, म्हणजे ९ चौरस मीटरपर्यंत काम.

प्रश्नकर्ता:
याच रस्त्याचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे म्हणतात.

खडीवाला:
मग उपअभियंत्याला आत्ताच विचारा. नवा थर आला की गतिरोधक त्याखाली बुजतो आणि पट्टेही जातात. दोन्ही नूतनीकरणाच्याच अंदाजपत्रकात बाब म्हणून घालून घ्या. तोवर फलक आणि झाडी छाटणी, एवढंच मागा.