लाइमनंतरची तळपायाची आग

तुमच्या भाच्याला न्यू जर्सीत लाइम (गोचीड चावून होणारा जिवाणूंचा आजार) झाला, डॉक्सीचा (डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा) कोर्स झाला तरी मुंग्या आणि तळपायाची आग जात नाही, आणि वर कुणी म्हणतंय की आता महिनोन्‌महिने सलाइनमधून अँटिबायोटिक घ्या, ते प्लीज करू नका. त्याच्या चाचण्या झाल्यात, टिकाऊ फायदा दिसला नाही, उलट त्या नळीतून इन्फेक्शन व्हायची भीती.

माझी मावसबहीण हाच लाइम होऊन अमेरिकेतल्या कनेक्टिकटहून पुण्याला आली तेव्हा अर्धा चेहरा वाकडा, चूळ भरली की पाणी एका बाजूने गळायचं, डोळा मिटेना म्हणून रात्री टेप लावून झोपायची. चेहरा सुधारला, आग राहिली. पहिल्या डॉक्टरांनी गोचीड म्हटल्यावर "कुत्र्याला होतं ते" म्हणून हसण्यावारी नेलं (राग आला होता खरं तर). मग न्यूरॉलॉजिस्टने शुगर, थायरॉइड, बी१२ बघितलं, तर बी१२ तळाला! शाकाहारी असाल तर हे आधी बघाच. इंजेक्शनं आणि रात्री गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध), कमी डोसपासून, याने झोप लागायला लागली. गुंगी येते मात्र, सुरुवातीला टू व्हीलर देऊ नका हातात.

लाइमची अँटिबॉडी टेस्ट परत परत नको, बरं झाल्यावरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते. तिकडचे सगळे रिपोर्ट मात्र न्या, इथे लाइमचे पेशंट क्वचितच येतात.