'मॅन पेज वाचता येत नसेल तर लिनक्स वापरू नका' : साफ असहमत!

धागाकर्ती
कालची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय. म्हणे, 'लिनक्स टाकून देणारे मदतगट सुरू करून लोकांना पंगू करू नका. मॅन पेज वाचायची तयारी नसेल त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये.' (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त प्रणाली, आणि मॅन पेज म्हणजे तिच्यातल्या कमांडची माहितीपानं.) अहो, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही म्हणून धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. ही माणसं हौसेने आलेली नाहीत. आमच्या गटात एक काकू आल्या. मशीन सुरूच होईना आणि आत वारलेल्या नवऱ्याचे सगळे फोटो. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे काही इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून, मिंट नावाचं लिनक्स चालवलं, डिस्क उघडली, फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले. काकू तिथेच रडायला लागल्या. त्यांना काय म्हणायचं होतं, आधी मॅन पेज वाचा?

कर्नलकाका
ती पोस्ट माझीच. फोटो वाचवलेत, चांगलं केलंत. पण पुढच्या अपडेटला काही बिघडलं की त्या कुणाकडे जाणार? माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर अशाच एका स्वयंसेवकाने स्वतःच्या आवडीचं आर्च नावाचं लिनक्स टाकलं. सहा महिन्यांत तो गट सोडून गेला. हिने कुणीतरी सांगितलं म्हणून एकच पॅकेज, म्हणजे एकच प्रोग्राम, नवं केलं आणि मशीन बूट होईना. त्याने काय काय बदललं होतं, याची एक ओळ कुठे लिहिलेली नव्हती. रात्रभर मी निस्तरत बसलो. पंगू म्हणतो ते याला.

टर्मिनलताई
यात आर्चचा काय दोष? रोलिंग रिलीजमध्ये, म्हणजे सतत नवं होत राहणाऱ्या लिनक्समध्ये, अर्धवट अपडेट चालत नाही, सगळं एकदम नवं करायचं असतं, त्यांच्या विकीवर स्पष्ट लिहिलंय.

कर्नलकाका
बहिणीला विकी आहे हेच माहीत नव्हतं!

वायफायग्रस्त
मूळ दुखणं वेगळंच आहे. इन्स्टॉल करायला नेट हवं, नेटला वायफायची चिप चालवणारं फर्मवेअर हवं, आणि फर्मवेअर मुक्त नाही, म्हणजे त्याचा कोड खुला नाही, म्हणून इन्स्टॉलरमध्ये नाही! डेबियन या लिनक्सला हे बदलायला २०२२ चं मतदान लागलं, प्रत्यक्षात आलं ते २०२३ मध्ये, डेबियन १२ बरोबर. तोवर किती नवखे परत गेले असतील!

मुक्तस्रोत
तत्त्वच सोडलं तर उरलं काय? रिचर्ड स्टॉलमनना प्रिंटरचा सोर्स कोड नाकारला गेला, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करायच्या त्यांच्या निर्णयात त्या चिडीचा मोठा वाटा होता. १९८३ मध्ये त्यांची ग्नू ही मुक्त प्रणाली जाहीर झाली, जिचे भाग तुमच्या लिनक्समध्ये आहेत. त्यांनीही 'चालतंय ना, मग बास' म्हटलं असतं तर तुम्ही आज काय इन्स्टॉल करत असता?

वायफायग्रस्त
प्रिंटरची गोष्ट पाठ आहे. मी तीन दिवस फोनच्या टेदरिंगवर काढलेत, वडिलांची ऑनलाइन तपासणी त्यात चुकली. तुमचं तत्त्व त्यांना समजावून सांगा.

मुक्तस्रोत
वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. पण राग चिपचा कोड दडवणाऱ्या कंपनीवर काढा, आमच्यावर का? बंद फर्मवेअरमधली चूक सुधारायची तर कंपनीच्या तोंडाकडे बघावं लागतं.

वायफायग्रस्त
हे खरं आहे. पण 'तुमचं वायफाय चालणार नाही, केबल आणा' हे आधी सांगायचं काम कुणाचं? ते तुमच्यापैकी कुणी केलं नाही.

टर्मिनलताई
आमच्या गटात करतात. आधी लाइव्ह यूएसबीवर वायफाय, आवाज, प्रिंटर तपासायचा. चाललं तरच इन्स्टॉल.

धागाकर्ती
फर्मवेअरचा वेगळा धागा काढा, हात जोडते. काका, काय बदललं ते लिहून न ठेवण्याचा मुद्दा टोचला, कारण आमच्याकडेही तशी वही नाही. पुढच्या बैठकीपासून प्रत्येक मशीनची नोंद ठेवू. आधी बॅकअप, आणि एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती, सोडून काही टाकायचं नाही. कीबोर्ड मालकाच्याच हातात, पासवर्डही त्यानेच टाकायचा. पण 'पंगू' मागे घ्या.

कर्नलकाका
शब्द मागे घेत नाही. बहिणीची ती रात्र मी बघितली आहे. कीबोर्ड मालकाच्या हातात राहणार असेल तर मात्र एका बैठकीला येतो. आल्यावर आधी वही बघेन.