दिल्ली क्राइमचा दुसरा सीझन: पोलिसांची चूक दाखवली, की आपलीच भीती आपल्याला विकली? (शेवट फोडला आहे, पाहायचा असेल तर इथूनच वळा)

लक्ष्मीनगरची_रेवा

तिसरा सीझन नोव्हेंबर 2025 मध्ये आला तेव्हा घरी ठरलं की आधीचे दोन पुन्हा पाहू. पहिला आईनं मधेच सोडला. 2012 चा निर्भयाचा तो डिसेंबर तिला दुसऱ्यांदा बघवेना. दुसरा मात्र आम्ही तिघांनी एका रविवारी उरकला, पाचच तर भाग आहेत. सकाळी पोहे खाऊन बसलो, रात्री कुकर लावायला उठलो.

सगळे म्हणतात पहिला भारी. त्याला 2020 मध्ये इंटरनॅशनल एमी मिळालं, पोलीस अधिकारी वर्तिका करणारी शेफाली शाह घराघरांत पोचली, कबूल. पण मला दुसरा जास्त धाडसाचा वाटतो. पहिल्यात पोलीस थकतात, चिडतात, बिनझोपेचे फिरतात, पण त्यांची दिशा बरोबर असते. दुसऱ्यात त्यांची दिशाच चुकते आणि तीच गोष्ट आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण दिल्लीत एकट्या राहणाऱ्या श्रीमंत म्हाताऱ्यांचे खून पडतात. पद्धत जुन्या कच्छा-बनियान टोळीची, म्हणजे चड्डी-बनियानवर येऊन घरं फोडणाऱ्यांची. शहर हादरतं, वरून दबाव येतो की कोणाला तरी पकडा. मग चड्ढा नावाच्या निवृत्त ठाणेदाराला बोलावतात, कारण त्याला म्हणे 'या लोकांची' माहिती आहे. विमुक्त जमातींच्या, म्हणजे इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, वस्तीतून माणसं उचलली जातात. मारेकरी निघतात भलतेच. त्यांनी तो वेष मुद्दाम घेतलेला असतो, कारण पोलीस कोणाच्या दारात जातील हे त्यांना पक्कं माहीत असतं. बनियान नाही, त्यांनी आपला पूर्वग्रह अंगात घातला होता.

इथे नागपुरात आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत आणि सात घरांत फक्त म्हातारी माणसं. मुलं पुणे, हैदराबाद, डॅलस. त्यामुळे ही मालिका मला दिल्लीची वाटलीच नाही. तुमचं मत सांगा.

तर्री_जास्त

"बनियान नाही, पूर्वग्रह अंगात घातला होता." मॅडम, हे वाक्य आधी सुचलं की धागा आधी सुचला?

लक्ष्मीनगरची_रेवा

वाक्य आधी. आता मुद्द्यावर बोला.

प्रतापनगर_पॅडी

मुद्द्यावर बोलतो. मला हा सीझन लबाड वाटला.

मालिका भीती कशी तयार करते ते बघा. रात्र, रिकामा बंगला, उघडी खिडकी, म्हातारीचा श्वास. दोन भाग तुम्हाला नीट घाबरवायचं आणि मग वर्तिकाबाईंच्या तोंडून ऐकवायचं की अख्ख्या जमातीला गुन्हेगार म्हणणं चूक आहे. अरे, मग इतका वेळ तुम्ही काय करून राहिले होते? रहस्य चालतं ते प्रेक्षकाला त्या जमातीचा संशय येतो म्हणूनच. तो संशय काढून घ्या, दुसऱ्या भागापुढे काही उरत नाही. म्हणजे रोगाच्या जोरावर तिकीट विकायचं अन् बाहेर पडताना औषधाची चिठ्ठी द्यायची.

दुसरं, त्या वस्तीतल्या माणसांना स्वतःची कथा आहे का? ते मार खातात, हात जोडतात, सुटतात. बाकी सगळा वेळ वर्तिकाच्या चेहऱ्यावरचा अपराधभाव. चूक पोलिसांची अन् व्यथाही पोलिसांचीच.

लक्ष्मीनगरची_रेवा

दुसरा मुद्दा मान्य. पहिला नाही. प्रेक्षकाला संशय येऊच दिला नसता तर ती मालिका बाप्पा, माहितीपट झाली असती. मला चौथ्या भागात स्वतःची लाज वाटली, ती आधी मी संशय घेतला होता म्हणूनच ना?

प्रतापनगर_पॅडी

तुम्हाला वाटली. आमच्या काकांना वाटली नाही. ते तिसऱ्या भागानंतर झोपले अन् सकाळी मिस्त्रीला ग्रिल लावायला बोलावलं. त्यांच्यापुरती मालिका तिथंच संपली.

हवालदाराचा_पोरगा

माझे बाबा याच शहरात 33 वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, त्यातली बरीचशी डीबीत, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात. म्हणून बाजू मांडतो, शिव्या द्यायच्या तर द्या.

एका रात्रीत दोन घरफोड्या झाल्या तर सकाळी ठाणेदाराला वरून फोन येतो. दुपारी पेपरवाले. संध्याकाळी नगरसेवक चार म्हाताऱ्यांना घेऊन ठाण्यात. तुमच्या हातात काय असतं? घटनास्थळाचा पंचनामा, एखादं धूसर फुटेज अन् पद्धत. कुलूप तोडलं की खिडकीचे गज वाकवले, घरात खाल्लं-प्यायलं का, मार आधी दिला की विरोध झाल्यावर. याला पोलीस एमओ म्हणतात. त्यावरून रेकॉर्डवरचे काढतात. याच्यात जात कुठं आली? ज्यानं आधी तसा गुन्हा केला त्यालाच विचारणार ना? की मुंबईहून एखादा नवा माणूस मागवायचा?

मालिकेत जे दाखवलं त्यातला चड्ढा टोकाचा आहे. तसे असतात, नाही म्हणत नाही. पण सगळं खातं चड्ढा नाही. रसिका दुगलची नीती सिंग बघा, राजेश तैलंगचा भूपेंद्र बघा. घरी जायला वेळ नाही, घरी गेले तर भांडण. ते शंभर टक्के खरं आहे. माझ्या मुंजीला बाबा मातृभोजनानंतर आले, तेही वर्दीतच.

बेड्यावरचा

इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. आज लिहितो.

मी पारधी आहे. आमचा बेडा, म्हणजे वस्ती, नागपूरपासून दोन तासांवर आहे, गाव सांगत नाही. सध्या शहरात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. वर एकाने विचारलं, "याच्यात जात कुठं आली?" भाऊ, सांगतो कुठे आली.

माझ्या मोठ्या काकांवर कधी एकही गुन्हा नव्हता. ते तितर-बटेर धरायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तेही बंद झालं, मग दुसऱ्याच्या शेतात ठोक्याने काम. मी सातवीत होतो. जवळच्या गावात चोरी झाली आणि पहाटे गाडी बेड्यावर आली. रेकॉर्डवरचा जो माणूस हवा होता तो घरी नव्हता. मग त्याच्याऐवजी दोघांना नेलं, त्यात काका. पाच दिवसांनी आणून सोडलं. कागदावर अटक नाही, म्हणजे काही घडलंच नाही. त्यानंतर त्यांना डाव्या कानाने नीट ऐकू येईना. मूळ चोर पुढे सापडला. तो त्याच गावातल्या किराणा दुकानदाराचा भाचा निघाला. एमओ जुळली होती का, ते मला माहीत नाही. बेडा जुळला होता.

मालिका मी पाहिली, मित्राच्या मोबाइलवर. वस्तीत गाड्या शिरतात तो प्रसंग मी पुढे ढकलला. तो खोटा होता म्हणून नाही.

वकिली_चालू_आहे

वरचं वाचल्यावर कायद्याचं बोलणं कोरडं वाटेल, तरी सांगतो, कारण मालिकेत हे घाईत उरकलंय.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या जमातीत जन्म झाला की नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, ते याच काळातलं. देश 1947 मध्ये सुटला, हे लोक सुटले 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणून त्यांचा विमुक्त दिन 31 ऑगस्ट. (हा सीझन 26 ऑगस्ट 2022 ला आला, पाच दिवस आधी. योगायोगच असावा.) पण कायदा गेला अन् त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे 1959 चा. पाटी बदलली, रजिस्टर तेच. अगदी 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढा आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणं थांबवा.

आणि ज्यांना वाटतं की मालिकेत अतिशयोक्ती आहे त्यांनी नाशिकचं 2003 चं दरोडा-खुनाचं प्रकरण वाचावं. भटक्या जमातीतले सहा जण. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांच्या फाशीवर शिक्का मारला. त्याच न्यायालयानं मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर 16 वर्षं आत. भरपाई प्रत्येकी 5 लाख. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

हवालदाराचा_पोरगा

@बेड्यावरचा, तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं. मनापासून. पण एका ठाण्यानं केलं म्हणून पूर्ण खात्याला एकाच मापानं मोजणं, हे तुम्ही ज्याच्याविरुद्ध बोलून राहिले तेच झालं ना?

बेड्यावरचा

नाही झालं. खातं नोकरी आहे, वर्दी घरी खुंटीला टांगता येते. मला माझं आडनाव टांगता येत नाही. खोली शोधताना तीन घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग म्हणाले भाचा येणार आहे राहायला.

आणि भाऊ, मला पोलीसच व्हायचं आहे. पीएसआयची तयारी करतो.

तर्री_जास्त

भाचा सगळ्यांकडेच राहायला येऊन राहिला वाटते. (माफ करा भाऊ, राग घरमालकांचा आला, तुमचा नाही. पेपर एकच्या तयारीला काही लागलं तर सांगा, माझ्याकडे नोट्स आहेत.)

मानेवाड्याची_मावशी

तुमी सगळे जमातीवरच अडकले. त्या लताचं कोनी बोलतच नाई! तिलोत्तमा शोमनं केलंय ते काम. पार्लरात कामाला असते, सोताचं पार्लर टाकायचं सपन असते, त्याच्यासाठी खून करते.

माह्यं सोताचं पार्लर हाये, अठरा वर्स झाले. दोन पोरी कामाला हायेत. सिनेमावाल्यायले काय वाटते, गरिबाच्या पोरीनं मोठं सपन पाह्यलं का तिच्या हातात हातोडाच येते? म्हंजे जमातीवरचा डाग पुसला अन् तो नेऊन लावला कामवालीले, पार्लरवालीले, डायवरले. जे श्रीमंताच्या घरात रोज जाते-येते त्यायले. मालिका पाह्यली त्या हप्त्यात माह्या एका गिऱ्हाइकीनं पोरीले घरी फेशियलले बोलावनं बंद केलं. म्हने, आता घरातले नको म्हनतात. हे कोनाच्या खात्यात टाकाचं, सांगा.

काम मातर तिलोत्तमानं फस्क्लास केलं. शेवटच्या भागात ती अन् शेफाली समोरासमोर बसतात तवा मी श्वास घ्याचा इसरली.

प्रतापनगर_पॅडी

मावशींनी माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. जात सोडली अन् वर्ग धरला. रेवाताई, आता बोला.

लक्ष्मीनगरची_रेवा

मावशी, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लताला कथा आहे, राग आहे, मागे सोडलेला संसार आहे, त्यामुळे ती मला 'डाग लावलेली' वाटली नाही. चांगली लिहिलेली वाटली. पण फेशियलचं वाचून थांबले.

तरी मी मत पूर्ण बदलत नाही. आपल्याकडे टीव्हीवर 'दया, दरवाजा तोड' बघत मोठी झालेली पिढी आहे, जिथे पोलिसांचा पहिला संशय चुकला तरी जाहिरातीनंतर दुरुस्त होतो अन् त्याची किंमत कोणीच भरत नाही. इथे चुकीची किंमत कोणी तरी भरतं, हे तरी दिसतं.

हवालदाराचा_पोरगा

बाबांना रात्री हा धागा वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दरोड्याच्या तयारीत पकडलं असं आम्ही किती वेळा लिहिलं, त्यातले किती खरंच तयारीत होते, ते आम्हालाच माहीत." एवढंच. पुढं विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवला.

मी माझी बाजू सोडली असं नाही. पण ऐकलं ते सांगितलं.

वकिली_चालू_आहे

बाबांना नमस्कार सांगा.

प्रतापनगर_पॅडी

रेवाताई, एकच प्रश्न, खवचट समजू नका. मालिका पाहून लाज वाटली म्हणता. मागच्या हिवाळ्यात "चड्डी-बनियान टोळी शहरात शिरली, चादरी विकणाऱ्या बायकांना दारात उभं करू नका" हा मेसेज फिरत होता, सोबत कुठल्या तरी चार बायकांचा फोटो. तुमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला होता का? 2018 च्या जुलैमध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेले पाच जण लोकांनी ठेचून मारले, ते अशाच मेसेजच्या जोरावर. म्हणून विचारतो.

लक्ष्मीनगरची_रेवा

आला होता.

खरं सांगायचं तर आमच्या ग्रुपवर तो मीच टाकला होता. बाबा एकटे घरी असतात म्हणून. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले, सेक्रेटरींनी "जागरूक नागरिक" असं लिहिलं. मालिका त्यानंतर पाहिली. पुन्हा ग्रुप उघडून मेसेज शोधला तर 'सर्वांसाठी हटवा' हा पर्याय येत नव्हता, मुदत संपली होती. फक्त माझ्या फोनवरून पुसला गेला.

बेड्यावरचा

त्या फोटोतल्या चौघींपैकी एकीच्या कडेवर पोर आहे ना, लाल टोपडं घातलेलं? आमच्या बेड्याच्या ग्रुपवरही फिरला होता तो. काकू म्हणाल्या, चादरी छान आहेत, कुठे मिळतात विचार.