मदत हवी आहे: फेब्रुवारीअखेर स्की आणि तळ्याकाठी मुक्काम, नागपूरहून

तर्रीपोहे:
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बर्फात जायचं आहे. स्की शिकायला मिळावं आणि मुक्काम तळ्याकाठच्या लाकडी कॉटेजमध्ये असावा. पाच दिवस आहेत. इथला एजंट मनालीशिवाय दुसरं नावच घेत नाही. विमानाची तिकिटं रोज महाग होऊन राहिली आहेत, आज रात्री ठरवायचंच आहे. स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा.

हिमकण:
किती जण? वयं काय? आधी कोणी स्की केलंय का? पाच दिवस म्हणजे नागपूर ते नागपूर, की तिथे पाच?

गढवालप्रेमी:
उत्तराखंडचं औली! दुसरा विचारच करू नका. लांबच लांब उतार, समोर नंदादेवी, वर तळंसुद्धा आहे.

हिमकण:
जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचली तेव्हापासून बंद आहे. ते तळं कृत्रिम बर्फासाठी पाणी साठवायला बांधलेलं आहे. आणि ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, सगळा घाट. नागपूरच्या माणसाची अर्धी रजा रस्त्यातच जाईल.

गढवालप्रेमी:
रस्त्याने औलीपर्यंत गाडी जाते. रोपवे नाही म्हणून औलीच बाद, हे मला पटत नाही.

रामटेककर:
तळ्याकाठी राहायचंय तर आपली खिंडसी काय वाईट आहे? काहून एवढ्या दूर जाता? सकाळी बोटिंग, संध्याकाळी गडमंदिर.

तर्रीपोहे:
रामटेककर, खिंडसी पाहिली आहे भाऊ, पण स्की हवं आहे. नागपूर ते नागपूर पाच दिवस. मी, बायको, सहावीतली मुलगी आणि आई. स्की कोणीच केलेलं नाही.

हिमकण:
आई येणार हे आधी सांगायला हवं होतं! त्यांची तब्येत?

तर्रीपोहे:
गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. पण बर्फ बघायची तिची फार इच्छा आहे.

चिनारपान:
मग काश्मीरचं गुलमर्ग. पण तिथल्या उतारांजवळ तळं नाही, तळं श्रीनगरला, साधारण ५० किलोमीटरवर. तीन रात्री गुलमर्गच्या हटमध्ये आणि शेवटची रात्र तिथल्या निगीन तळ्यावर हाउसबोटीत काढा. शेवटचीच, कारण बर्फ पडला की गुलमर्गखालच्या टंगमर्गचा चढ अडतो आणि परतीचं विमान चुकतं. त्या चढाला साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी लागते, ठरवतानाच विचारून घ्या.
शिकणाऱ्यांना गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, गरजच नाही. खालच्या सौम्य उतारावर शिकवणारा आणि सामान दोन्ही भाड्याने मिळतं. आईंना बर्फ हॉटेलच्या दारातही दिसेल. गोंडोलाचा पहिला टप्पा, कोंगदूरी, सुमारे ३,००० मीटरवर आहे, तिथे न्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच. दुसरा टप्पा सुमारे ३,९०० मीटरपर्यंत जातो, तिथे अजिबात नेऊ नका. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

ऑरेंजसिटी:
विमान कशाला? नागपूरहून अंदमान एक्स्प्रेस थेट कटऱ्याला जाते, पुढे जून २०२५ पासून श्रीनगरला वंदे भारत आहे. चिनाब पूल बघायला मिळतो.

चिनारपान:
पाच दिवसांत? जाऊन-येऊन चार दिवस गाडीतच जातील.

ऑरेंजसिटी:
येताना विमान घ्या, जाताना रेल्वे. तो पूल जन्मात एकदा बघायलाच हवा.

हिमकण:
विमानच घ्या, आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करा. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फच नव्हता म्हणून गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ मार्चवर ढकलावे लागले. चिल्लई कलान, म्हणजे तिथल्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, जानेवारीअखेर संपते, पुढचा बर्फ हवामानावर. शिवाय आपलं इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, एक तरी पोस्टपेड जवळ असू द्या.

संत्राबर्फी:
थोडं अवांतर. सीताबर्डीला थर्मल आता मिळतील का? स्वेटरवाले उठले की काय?

चिनारपान:
जाड जॅकेट आणि गमबूट टंगमर्गला भाड्याने मिळतात. आतले कपडे आणि लोकरी मोजे मात्र स्वतःचेच न्या.

तर्रीपोहे:
गुलमर्ग तीन, निगीन एक, ठरलं. विमानाने जातो. पण हाउसबोटीवर शिकाऱ्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, चढायचं असेल तर आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. काय करू?

चिनारपान:
निगीनवर काही बोटी काठालाच लागलेल्या असतात, फळीवरून चालत आत जाता येतं. बुकिंगच्या आधी फोनवर मालकाला नेमकं हेच विचारा आणि दाराचा फोटो मागवा.

तर्रीपोहे:
आत्ताच फोन करतो. मुलीच्या मापाचे स्कीचे बूट तिथे मिळतात का, तेवढं कोणीतरी सांगा.