मातीच्या विटांनी घराला खोली जोडताना झालेल्या फजित्या

पुण्याजवळ पिरंगुटच्या पुढे आमचे 1994 मध्ये बांधलेले, दोन खोल्यांचे, पक्क्या विटांचे घर आहे. चार वर्षांपूर्वी त्याला दहा बाय बाराची एक खोली जोडायची आणि ती मातीच्या कच्च्या विटांनी, शक्यतो स्वतःच्या हातांनी बांधायची, असे आम्ही नवरा-बायकोने ठरवले. चौथी बाजू जुन्या घराची असल्यामुळे भिंती तीनच होत्या. त्यांची जाडी एक फूट आणि उंची आठ फूट धरली, तर बारा बाय आठ बाय सहा इंचांच्या साधारण 660 विटा लागणार होत्या आणि मोडतोड धरून 800. एक वीट सुमारे 16 किलोची होते, म्हणजे जवळजवळ 13 टन माती आपल्या हातांखालून जाणार आहे, हा हिशेब मात्र आम्ही काम सुरू झाल्यावर केला.

माती घरामागच्या वावरातली वापरली. ती फुकट होती, एवढाच तिचा गुण. पहिल्या 220 विटा पाडल्या तेव्हा त्या लोण्यासारख्या साच्यातून सुटल्या आणि आम्ही स्वतःवर फार खूश झालो. चौथ्या दिवशी त्यांवर केसासारख्या रेषा दिसू लागल्या, आठव्या दिवशी त्या रेषांत नाणे उभे राहील एवढी फट पडली आणि पंधराव्या दिवशी वीट उचलायला गेले की अर्धी हातात आणि अर्धी जमिनीवर राहू लागली. शेजारच्या वस्तीवरचे आजोबा रोज सकाळी गुरे घेऊन जाताना थांबून बघत असत. शेवटी त्यांना राहवले नाही. ते म्हणाले, “अहो, काळीत कोणी घर बांधतं का?” शेताच्या जमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, हे मला शाळेपासून पाठ होते, पण त्यात मातीच्या गुणाचाही हिशेब आहे, हे त्या दिवशी उमगले. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते, त्यामुळे ती एकटी वापरली की वीट फुटणारच.

मग काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवून ठेवले. वाळू मिनिटाभरात तळाशी बसली, त्यावर काही तासांत गाळ बसला आणि चिकणमातीचा थर निवळायला दुसरा दिवस उजाडला. त्या थरांकडे बघितल्यावर पुढचे सोपे झाले. एक घमेले काळी, दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेले क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि बोटभर लांबीचा चिरलेला भाताचा पेंढा, असे मिश्रण चार दिवस भिजत ठेवून तुडवले. त्याच्या विटा तीन आठवड्यांत खणखणीत वाळल्या. जुन्या 220 पुन्हा भिजवून याच मिश्रणात गेल्या, कारण मातीच्या विटेचा तेवढा एक उपकार आहे.

अशा फजित्या ज्यांच्या झाल्या असतील, त्यांनी कृपया या धाग्यावर, वर आपल्या गावाचे किंवा भागाचे नाव देऊन, सविस्तर लिहावे. तयार खोलीचे कौतुक सांगणारे पुष्कळ भेटतात. मला काय बिघडले, का बिघडले आणि निस्तरायला काय करावे लागले, ते हवे आहे. कंत्राटदार, गवंडी आणि दुकानदार यांची नावे मात्र नकोत.

कामशेत

आमची माती चांगली होती, आमचे पंचांग वाईट होते. लग्नसराई आटोपून मेच्या दुसऱ्या आठवड्यात विटा पाडायला घेतल्या आणि खळ्यावर साधारण 300 विटा पसरल्या. दुपारी आकाश भरून आले तेव्हा घरातील सगळी माणसे धावली, विटांवर दोन मोठे प्लॅस्टिक कागद घातले, कडांना दगड लावले आणि वळीव पडत असताना आम्ही पडवीत बसून स्वतःच्या चपळाईबद्दल चहा घेतला. सकाळी कागद उचलला तर वरच्या बाजूने विटा कोरड्या होत्या आणि खालून त्यांची खीर झाली होती. खळे थोडे उतरते होते, त्यामुळे पाणी कागदाखालून वाहत आले आणि विटांच्या बुडाशी तुंबले. शिवाय हवा कोंडल्यामुळे आतील वाफ कागदाला चिकटून पुन्हा विटांवरच ठिबकली. गंमत अशी की घाईत कागदाबाहेर राहिलेल्या वीस-पंचवीस विटांचे फक्त कोपरे झिजले होते, कारण त्या चढाच्या बाजूला होत्या आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात त्या आधी सुकल्या.

पुढच्या वर्षी आम्ही जानेवारीत काम काढले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विटा कडेवर उभ्या केल्या आणि आठवड्याने दगडांच्या ओळीवर जाळीदार रचल्या. झाकण फक्त वरून घातले, बाजू मोकळ्या ठेवल्या.

धायरी

वरील दोन्ही अनुभव विटांचे आहेत. आमच्या विटा उत्तम झाल्या, भिंतीही सरळ उभ्या राहिल्या, आणि फजिती झाली ती जिथे नवी खोली जुन्या घराला भेटते तिथे. जुने घर स्लॅबचे, पाया मुरमापर्यंत खोल गेलेला आणि तीस वर्षांत बसायचा तेवढा बसलेला. नव्या खोलीचा पाया आम्ही दगडात, पण बराच उथळ घेतला. गवंड्याने सुचवले की जुन्या भिंतीला खाचा पाडून त्यांत मातीच्या विटा अडकवू, म्हणजे दोन्ही एकजीव होतील. ऐकायला ते इतके शहाणपणाचे वाटले की मी लगेच हो म्हटले.

मातीची भिंत वाळते तशी खाली बसते, कारण विटांपेक्षा सांध्यांतील चिखल अधिक आकसतो, आणि आठ फुटांत ते सहज डोळ्यांना दिसण्याएवढे होते. आमची भिंत तीन बाजूंनी खाली बसू पाहत होती आणि चौथ्या बाजूला खाचांत अडकलेली होती. दिवाळीच्या सुमारास कोपऱ्यात वरून खाली पायरीपायरीने तडा गेला. मी तो सिमेंटने भरला. होळीला सिमेंटची ती पट्टी जशीच्या तशी शाबूत होती आणि तिच्या शेजारी चार बोटांवर नवा तडा होता. तोही भरला. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले की दरवर्षी एक याप्रमाणे आपण खोलीच्या दारापर्यंत पोचणार आहोत का, तेव्हा मी थांबलो.

नंतर एका जाणत्या माणसाच्या सल्ल्याने खाचांतील विटा कापून काढल्या आणि दोन भिंतींमध्ये सरळ उभी, इंचभर फट मुद्दाम ठेवली. तीत काथ्या ठासून बाहेरून चुन्याचा नरम लेप दिला आणि आतून लाकडी पट्टी फक्त जुन्या भिंतीला ठोकली, म्हणजे नवी भिंत तिच्यामागे हवी तशी हलू शकते. तडा आता आहेच, पण तो आम्ही नेमून दिलेल्या जागी आहे.

याच सांध्याचा दुसरा भाग छताचा. जुन्या स्लॅबचे पाणी ज्या बाजूला पडत होते, त्याच बाजूला आम्ही कौलारू पाखे टेकवले होते. पहिल्या जोरदार पावसात स्लॅबचे सगळे पाणी कौलांच्या वरच्या कडेवर आदळून भिंतीच्या माथ्यात मुरले आणि तिसऱ्या दिवशी आतील गिलावा ओल्या पापडासारखा लोंबू लागला. स्लॅबच्या कडेखाली खाच पाडून पत्र्याची पट्टी बसवली, ती कौलांवर वीतभर आणली आणि स्लॅबला स्वतंत्र पन्हळ लावली. हा खर्च सगळ्या विटांच्या खर्चापेक्षा जास्त झाला.

धागाकर्ता

धायरीकरांनी लिहिलेला उभ्या फटीचा मुद्दा माझ्याही कोपऱ्याला लागू आहे. मी तो तडा आतापर्यंत कपाटामागे झाकला होता, हे येथे कबूल करतो.

भोर

थोडक्यात लिहितो. दाराची चौकट आधी उभी करून तिच्या डोक्यावर थेट विटांचा थर चढवला. भिंत बसली, चौकट बसली नाही, आणि सगळा भार तिच्या आडव्या लाकडावर आला. पाहुण्यांसमोर दार आतून उघडेना, तेव्हा जावईबापू खिडकीतून बाहेर आले. चौकटीच्या वर दोन बोटे जागा सोडून ती पेंढ्याने भरायची असते. तसेच घाईने एका दिवसात सहा-सात थर चढवल्यामुळे खालचा ओला चिखल दबून एका भिंतीला पोट आले, ते आजही आहे. तिथे आम्ही फळी ठोकून देव्हारा केला आहे.

कर्वेनगर, बांधकाम वेल्ह्याकडे

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे आणि चूक माहीत असून केली, म्हणून लिहिण्यास अधिक संकोच वाटतो. मातीच्या इमारतींच्या भूकंपरोधनासाठी आय.एस. 13827 हे 1993 चे भारतीय मानक आहे. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा जास्त नसावी, दार-खिडकी 1.2 मीटरपेक्षा रुंद नसावी आणि ती बाहेरच्या कोपऱ्यापासून किमान तेवढ्याच अंतरावर असावी, अशा त्यातील मर्यादा मी नोकरीत असताना इतरांना ऐकवत असे. स्वतःच्या खोलीत मात्र डोंगर दिसावा म्हणून कोपऱ्याला लागून सहा फुटांची खिडकी ठेवली. वरच्या लाकडी तुळईला भिंतीवर टेकायला एका बाजूला जेमतेम चार इंच मिळाले. दुसऱ्या पावसाळ्याआधीच तुळईच्या टोकाखालची वीट चिरडली आणि कोपरा बाहेर कलू लागला. भिंत उतरवून खिडकी चार फुटांची केली, तुळई दोन्हीकडे फूटभर आत घातली आणि भिंतींच्या माथ्यावर चहूबाजूंनी लाकडी पट्टा सलग फिरवला. डोंगर अजून दिसतो, फक्त खुर्ची थोडी सरकवावी लागते.

सहकारनगर

1961 साली मी सात वर्षांची होते आणि आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूला एका वाड्यात भाड्याने राहत होतो. 12 जुलैला पानशेत धरण फुटले आणि शहरात पूर आला. पाणी ओसरल्यावर वडील आम्हाला वाडा दाखवायला घेऊन गेले, ते दृश्य मी विसरलेली नाही. लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या आणि त्यांच्यामधली मातीत बांधलेली भिंत नुसती खाली बसली होती. ती कोसळल्यासारखी दिसत नव्हती. भाताचा ढीग ओघळावा तशी दिसत होती. आमचे बिऱ्हाड त्यानंतर पेठेत परतले नाही.

त्यामुळे मुलाने शेतावरच्या घराला मातीची खोली जोडायचे काढले तेव्हा माझा विरोध होता. तो मावळला तो एका अटीवर, की जोते तीन फूट उंच आणि पूर्ण दगडाचे हवे आणि वळचण दोन हात पुढे हवी. मुलाने दोन्ही ऐकले. पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून भिंतीवर उडते, म्हणून त्याने खाली खडीची चारीसुद्धा केली. बाहेरचा सगळा बंदोबस्त झाला, आणि भिंत गेली ती आतून. मोरीचा पाइप भिंतीतून नेला होता, त्याचा एक सांधा थेंबथेंब गळत होता आणि वर फरशी लावलेली असल्यामुळे ते कोणालाही कळले नाही. सहा महिन्यांनी सून कपडे वाळत घालत असताना खुंटी हातात आली. खुंटीमागे बोट घातले तर ते कोपरापर्यंत गेले. पूर लागत नाही, एक गळका नळ पुरतो. आता पाइप भिंतीबाहेरून, उघडे, दिसतील असे नेले आहेत. ते कुरूप दिसतात, हे मुलाचे मत आहे.

मुळशी

आमच्याकडे पाऊस पुण्याच्या कितीतरी पट असतो. भिंत भिजू नये म्हणून बाहेरून सिमेंटचे प्लॅस्टर केले. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या वर्षी प्लॅस्टरला बारीक चिरा पडल्या, त्यांतून पाणी आत गेले आणि बाहेर यायला वाट राहिली नाही, कारण माती श्वास घेते आणि सिमेंट घेऊ देत नाही. वर टकटक केले की पोकळ वाजे. एके दिवशी पाच फुटांचा पोपडा अखंड निघून पडला आणि त्याच्या पाठीला दोन बोटे भिंत चिकटलेली होती. शिवाय त्या पोकळीत वाळवीने आपल्या नळ्या थेट वाशांपर्यंत नेल्या होत्या. सगळे प्लॅस्टर काढून माती-शेणाचा गिलावा आणि त्यावर चुन्याचे हात दिले. दरवर्षी मेमध्ये डागडुजी करावी लागते, म्हणजे पूर्वी घरोघरी सारवण होत असे तेवढीच.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. मुळशीकरांचे वाचून एक राहिलेले आठवले. आमच्या गिलाव्यात जो पेंढा घातला, तो नीट झोडपलेला नव्हता. गिलावा दिल्यावर सहाव्या दिवशी दक्षिणेकडच्या भिंतीवर हिरवी लव दिसली आणि दहाव्या दिवशी वीतभर भात उभा राहिला. तो उपटला तर गिलावा निघेल, म्हणून आम्ही कात्रीने कापत होतो. तेवढ्यात त्याच आजोबांची शेळी दावे सोडून आली. तिने कोंब तर खाल्लेच, वर भिंत चाटून हातभर गिलावा उचलला. आजोबा म्हणाले, “राहू द्या तसंच, पुढच्या वर्षी कळेल कुठवर पोचतंय ते.” तो भाग अजून तसाच आहे.